तारेवरचे दुकान

आठवडी बाजारात दुकान मांडायचे तर काय काय लागते? बसायला जागा लागते. खाली अंथरायला पोते लागते. माल हवा, तराजू हवा. आणि जागा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर हवी. ती आडबाजूला मिळाली, तर माल कितीही चांगला असो, संध्याकाळी तो पाटीत भरून तसाच घरी न्यावा लागतो.

आता असा एक बाजार मनात आणा, की जिथे पोते नाही, पाटी नाही, ओटा नाही. दुकानदार एका गावी, आणि गिऱ्हाईक हजार मैलांवर. तरी गिऱ्हाईक माल पाहते, पसंत करते, पैसे देते. आज तुम्हाला याचे फारसे नवल वाटणार नाही. घरातली पोरं मोबाईलवर चपला मागवतात आणि चार दिवसांनी माणूस पुडके घेऊन दारात उभा राहतो. पण तीस वर्षांमागे हे फार थोड्यांना ठाऊक होते. हा बाजार नवा होता तेव्हा साध्या दुकानदाराला त्यात दुकान कसे मांडता आले, ते आज आपण वाचू. गोष्ट दूरची आहे. पण ती वाचताना आपल्याला आपली स्वतःची एक जुनी अडचण आठवेल.

आधी बाजाराची जागा समजून घेऊ. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. जगातले संगणक तारांनी एकमेकांना जोडलेले आहेत. एका गावच्या संगणकावर लिहून ठेवलेले पान दुसऱ्या गावच्या संगणकावर उघडून वाचता येते. पानातल्या काही शब्दांवर खूण असते. तो शब्द दाबला, की दुसरेच पान समोर येते, मग ते पान जगात कुठेही ठेवलेले असो. पानांना पाने अशी गुंफलेली, म्हणून त्याला इंग्रजीत वेब म्हणतात. वेब म्हणजे जाळे, कोळ्याचे जाळे. ही युक्ती टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी १९८९ साली सुचवली. ते तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत कामाला होते. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने जाहीर केले की, ही युक्ती कोणीही वापरावी, त्यासाठी पैसे नकोत की परवाना नको.

मग काय विचारता! अमेरिकेत केंब्रिज नावाचे शहर आहे, बोस्टनच्या शेजारी, मध्ये फक्त नदी. तिथल्या एमआयटी या विद्यापीठात मॅथ्यू ग्रे नावाचा एक विद्यार्थी होता. जाळ्यात पाने ठेवणारी ठिकाणे किती झाली, हे मोजायचे त्याने १९९३ साली ठरवले. अशा ठिकाणाला साइट म्हणतात. जून १९९३ मध्ये त्याच्या मोजणीत १३० साइट भरल्या. १९९४ च्या डिसेंबरात त्या १० हजारांवर गेल्या. आणि जानेवारी १९९६ मध्ये सुमारे १ लाख. अडीच वर्षांत १३० चे १ लाख! आपल्या बांधावरचे गाजरगवतसुद्धा इतके भराभर पसरत नाही.

बाजार भरत होता, पण साधा दुकानदार वेशीबाहेरच उभा होता. त्याचे कारण असे. जाळ्यातले पान साध्या लिहिण्याने होत नाही. ते खुणांच्या एका खास भाषेत लिहावे लागते. जोडे विकणाऱ्याला जोड्यांतले कळते, त्या खुणा त्याला कुठून येणार? त्याने मग जाणता माणूस गाठायचा आणि पैसे देऊन पाने लिहून घ्यायची. पुढे जोड्याचा भाव बदलला, की पुन्हा त्याच माणसाकडे जायचे. एक जोड संपला तरी त्याच्याकडे. तो सवडीने येणार, त्याच्या मनाने लिहिणार. तोवर पानावर जुना भाव तसाच.

ही ती जुनी अडचण. अक्षर येत नव्हते तेव्हा आपण पत्र लिहून घ्यायला मास्तरांकडे नाहीतर पोस्टमनकडे जात होतो. लिहिणारा निवांत असला तर मनातले सगळे कागदावर उतरे. घाईत असला तर "इकडील सर्व क्षेम आहे" एवढ्यावर पत्र संपे. घरातली नाजूक गोष्ट असली तर ती सांगायची लाज वाटे, मग ती राहूनच जाई. पैसे आपले, दुःख आपले, आणि लेखणी दुसऱ्याची. १९९५ सालचा अमेरिकेतला दुकानदार शिकलेला होता, हिशेबात पक्का होता. पण या नव्या बाजारात तोही निरक्षरच होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. निरक्षरपणा माणसाला जन्मभर चिकटलेला नसतो. नवी पाटी पुढे आली, की शहाणा माणूसही तिच्यापुढे काही दिवस निरक्षर असतो.

त्याच केंब्रिज शहरात हार्वर्ड हे जुने विद्यापीठ आहे. रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल हे दोघे तिथे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांचे तिसरे साथी पॉल ग्रॅहम. यांनी तिथूनच १९९० साली संगणकाची पीएच.डी. घेतली होती आणि मग ते चित्रे काढायला शिकले होते. संगणकाची मोठी पदवी घेऊन माणूस रंग कालवत बसला, म्हणजे घरच्यांना काय वाटले असेल कोण जाणे! पण चित्रांच्या नादामुळेच त्यांना पहिला धंदा सुचला, आणि तो साफ बुडाला.

चित्रे विकणारी मोठी दालने असतात. त्यांना गॅलरी म्हणतात. ग्रॅहम आणि मॉरिस यांनी ठरवले की गॅलऱ्यांची चित्रे जाळ्यात मांडून द्यायची. दालनवाल्यांकडे गेले, तर कुणाला ते नकोच होते. काहींनी फुकट करून घेतले. पैसे मात्र एकानेही दिले नाहीत. गरज यांना वाटत होती, दालनवाल्यांना वाटत नव्हती. कोरडवाहू गावात जाऊन पाण्याचे इंजिन विकण्यापैकीच हा प्रकार. इंजिन चांगले असेल हो, पण विहिरीला पाणी कुठे आहे?

इतक्यात जाळ्यात काही दुकाने दिसू लागली. दोघांनी ती निरखून पाहिली. चित्रांची पाने आणि मालाची पाने सारखीच होती. फरक एवढाच, की मालाच्या पानावर "मागणी नोंदवा" असे एक बटण होते. आणि दुकानदारांना ही पाने हवी होती. विहिरीला पाणी सापडले.

१९९५ च्या उन्हाळ्यात ते कामाला लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात विदेश संचार निगमाने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, म्हणजे काळ लक्षात येईल.

पहिला बेत असा होता. दुकान मांडण्याचा एक प्रोग्रॅम करायचा, तो दुकानदाराला विकायचा आणि त्याच्या संगणकावर बसवून द्यायचा. पण त्यासाठी त्या काळच्या घरगुती संगणकाची घडण शिकणे भाग होते. ती दोघांना येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. ग्रॅहम तेव्हा मॉरिस यांच्या बिऱ्हाडी उतरत. मॉरिस यांचा खोलीसोबती परगावी असला, की त्याच्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर झोपत. एके दिवशी सकाळी तिथे पडल्या पडल्या त्यांना कल्पना सुचली आणि ते ताडकन उठून बसले. प्रोग्रॅम दुकानदाराच्या घरी न्यायचाच कशाला? तो आपल्याच संगणकावर राहू दे. दुकानदाराने जाळ्यातूनच आपल्याकडे यावे, पानावरची बटणे दाबावीत आणि आपले दुकान आपण मांडावे.

गिरणीचा दाखला घ्या. पूर्वी घरोघर जाते होते. जात्याला टाकी लावायची तर प्रत्येक घरी टाकीवाला यायला हवा. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा जाते घरी ठेवण्याचे कारण उरले नाही. दळण घेऊन जायचे, पीठ घेऊन यायचे. आणि गिरणीवाल्याने दगडाला टाकी लावली, की त्या दिवसापासून साऱ्या गावाचे पीठ बारीक. या तिघांचेही तसेच झाले. कुणा दुकानदाराने फोन करून सांगितले की अमुक बटण चालत नाही, तर ते आपल्या संगणकावर दुरुस्ती करत, आणि ती त्याच क्षणी सगळ्या दुकानदारांना लागू होई. कुठे जायला नको, काही पाठवायला नको. दिवसातून कितीतरी वेळा अशी डागडुजी होई. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत पुष्कळ कामे याच रीतीने चालतात. त्या वेळी ही रीत नवी होती.

कंपनीचे नाव ठेवले व्हायावेब, म्हणजे 'जाळ्यामार्फत'. काम तिघांनी वाटून घेतले. दुकान मांडण्याचा भाग ग्रॅहम यांनी लिहिला. गिऱ्हाईक माल निवडून ज्यात टाकते ती टोपली मॉरिस यांनी लिहिली. खरी टोपली नव्हे, पानावरची. कुणी काय मागवले, किती लोक येऊन गेले, याची वही ब्लॅकवेल यांनी केली. मांडणी, टोपली आणि वही! पाहा, बाजारातल्या दुकानाचेही तेच तीन भाग असतात.

भांडवल किती? १० हजार डॉलर. ग्रॅहम यांच्या चित्रकलेच्या बाईंच्या यजमानांनी ते दिले, सुरुवातीचे कायद्याचे काम करून दिले, धंद्यातला सल्लाही दिला. बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा घेतला. व्याज घेतले नाही, हिस्सा घेतला. कर्ज आणि हिस्सा यांतला फरक ध्यानात ठेवावा. धंदा बुडाला तर कर्ज अंगावर राहते. हिस्सेदाराचे पैसे धंद्याबरोबरच जातात. म्हणून धंदा चालला तर तो जास्त मागतो.

जानेवारी १९९६ मध्ये व्हायावेब उघडले. पहिल्या दिवशी दुकाने किती? सहा! लहान दुकानाला महिना १०० डॉलर भाडे, मोठ्याला ३००. तेव्हा एक डॉलर सुमारे ३५ रुपयांना होता. म्हणजे लहान दुकानाचे भाडे साडेतीन हजार रुपये झाले. इतर लोक अशाच कामाचे पुष्कळ जास्त घेत. हा भाव यांनी काही डावपेच म्हणून कमी ठेवला नव्हता. व्यापारी लोक कशाला किती पैसे मोजतात हेच त्यांना माहीत नव्हते. विद्यार्थ्याच्या खिशाला ३०० डॉलर म्हणजे फार वाटत होते, एवढेच. कधी कधी अडाणीपणाही कामी येतो म्हणायचा.

पण भाडे कमी म्हणून दुकानदार धावत आले, असे झाले नाही. पुष्कळ जण म्हणत, आम्हाला हे जमायचे नाही, तुम्हीच मांडून द्या. मग हे तिघे स्वतः दुकाने मांडून देत. पेट्या, पेने, पुरुषांचे सदरे. एवढे शिकलेले लोक सदऱ्यांची चित्रे संगणकावर चढवत बसले होते. त्यांना त्याची थोडी शरम वाटे. आमच्या मते मात्र त्यांचे खरे शिक्षण इथेच झाले. सदऱ्यांचीच गोष्ट पाहा.

त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेने जाळ्याला जोडलेला असे. मोठे चित्र उघडायला फार वेळ लागे. गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. म्हणून चित्रे तिकिटाएवढी लहान ठेवावी लागत. ग्रॅहम यांनी सदऱ्यांची सुंदर चित्रे चढवली. पूर्ण सदरा, दोन बाह्यांसकट. पण तिकिटाएवढ्या चित्रात सगळे सदरे सारखेच दिसू लागले. कापड कसले, वीण कशी, काही कळेना. मग दुकानदारांकडून उमगले, की पूर्ण सदरा दाखवायचाच नसतो. नुसती कॉलर जवळून दाखवायची आणि तिच्याभोवतीचे कापड. घेणाऱ्याला तेवढे पुरते. सुमारे ३० चित्रे पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

आपल्याकडच्या कुठल्याही कापडवाल्याला हे विचारायचे होते! लुगडे दाखवताना तो नऊ वार उलगडत बसतो काय? आधी काठ दाखवतो, मग पदर पसरतो. मधले अंग शेवटी. कुठे पाहून माणूस घेतो, हे विकणाऱ्याच्या बोटांना ठाऊक असते. ते विद्यापीठात शिकवत नाहीत. दुकानदाराच्या गादीवर बसल्याशिवाय ते या तिघांना कळले नसते, आणि मग त्यांच्या प्रोग्रॅमला दुकानदाराचा हात बसला नसता.

रॉबर्ट मॉरिस यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १९८८ साली ते कॉर्नेल या दुसऱ्या विद्यापीठात शिकत असताना त्यांनी एक प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर सोडला. तो आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. घडणीत चूक राहिली आणि तो भलताच वाढला. हजारो संगणक अडकून पडले. खटला झाला. कोर्टाने १९९० साली तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. अशा माणसाच्या हाती दुकानदारांची टोपली द्यावी का, असे तुम्ही विचाराल. वर्गात यावर जरूर वाद घाला. पुढे काय झाले ते मात्र सांगतो. तेच मॉरिस नंतर एमआयटीत प्राध्यापक झाले.

आता धंद्याकडे वळू. १९९६ संपताना सुमारे ७० दुकाने होती. १९९७ संपताना सुमारे ५००. १९९८ च्या उन्हाळ्यात हजारावर गेली. पैशाची ओढाताण मात्र कायम होती. तेव्हा याहू नावाची मोठी कंपनी होती. तीही स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनीच १९९४ साली सुरू केलेली. जून १९९८ मध्ये याहूने व्हायावेब विकत घेतली. किंमत ठरली ४ कोटी ९० लाख डॉलर. तीही रोख नव्हे, याहूच्या शेअरच्या रूपाने. त्या वेळच्या भावाने हे दोनशे कोटी रुपयांच्या घरात जाते. पुढे २००५ साली या तिघांनी जेसिका लिव्हिंग्स्टन या बाईंसह नव्या उद्योगांना भांडवल देणारी संस्था काढली. तिचे नाव वाय काँबिनेटर.

पैशाचा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण आपण त्या हजार दुकानदारांकडे पाहू. त्यांचे काय झाले? दुकाने चालू राहिली. दारावरची पाटी मात्र बदलली. व्हायावेबचे झाले 'याहू स्टोअर'. सौदा दोन कंपन्यांत झाला, दुकानदार त्या सौद्यात नव्हते. मालाची चित्रे त्यांची, भाव त्यांचे, गिऱ्हाईक त्यांचे. पण मांडणी, टोपली आणि वही ठेवलेली जागा दुसऱ्याची. ज्या युक्तीने लेखणी दुकानदाराच्या हाती आली, तिनेच त्याचे दप्तर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवले. गिरणीचे पीठ बारीक येते खरे. पण गिरणीवाल्याने गिरणी विकली, की दळणाचा भाव नवा मालक ठरवतो, आणि तोवर घरचे जाते मोडीत गेलेले असते.

हे दूर अमेरिकेत घडले म्हणून सोडून देऊ नका. आज गावोगावच्या बचत गटांकडे असे लोक येतात. म्हणतात, तुमचा मसाला, तुमच्या कुरडया मोबाईलवर विकून देतो, इथे अंगठा करा, इथे सही करा. त्यात भले लोकही असतात. त्यांना हाकलून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण सही करण्याआधी त्यांना बसवून घ्या, चहा द्या आणि विचारा. दुकान कुणाच्या नावावर उघडणार? कुणाचा फोन नंबर देणार? पासवर्ड, म्हणजे कुलपाची किल्ली, गटाकडे राहणार की तुमच्याकडे? भाव आम्हाला आमच्या हाताने बदलता येईल का? शंभराच्या विक्रीत तुमचे किती, आणि पैसे कोणत्या खात्यात, किती दिवसांनी? आणि उद्या आम्ही दुसरीकडे जायचे म्हटले, तर घेणाऱ्यांची नावे आम्हाला मिळतील का? उत्तरे तोंडी घेऊ नका. त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि गटातल्या बायांनी तो कागद मोठ्याने वाचावा. समजला नाही तो शब्द पुन्हा विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. हार्वर्डच्या पंडितांनाही सदऱ्याची कॉलर दुकानदारांकडूनच शिकावी लागली.

आता वह्या काढा. दोन हिशेब करू.

समजा, ७० दुकानांपैकी ५० लहान आहेत आणि २० मोठी. लहानाचे भाडे महिना १०० डॉलर, मोठ्याचे ३००. तर महिन्याचे एकूण भाडे किती येईल?

दुसरा हिशेब जरा मोठा आहे. १० हजार डॉलर देणाऱ्या गृहस्थांचा हिस्सा दहा टक्के होता. तो शेवटपर्यंत तेवढाच राहिला असता, तर ४ कोटी ९० लाख डॉलरमधून त्यांना किती मिळाले असते? उत्तर आकड्यांत लिहा आणि अक्षरीही लिहा. बँकेच्या स्लिपवर दोन्ही लागते.